आधी मेहनत, मग खुराक

पहाटे साडेपाचला आमच्या टेकडीच्या पायथ्याशी जमणाऱ्या मंडळींचे वय साधारण साठ ते पंचाहत्तर. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले अधिकारी आहेत, दोन आजीबाई आहेत आणि एस. टी.त हयात घालविलेले एक वाहकही आहेत. पंधरा वर्षांपूर्वी या मंडळींच्या गप्पांत महागाई, मुलांच्या बदल्या आणि गुडघेदुखी एवढेच विषय असत. आज त्यांतील निम्मे जण अर्धमॅरेथॉन धावतात, दोघे ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धांत उतरतात आणि गप्पांमध्ये एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे : ‘तुम्ही कोणता डबा घेता?’

हा डबा जेवणाचा नव्हे. पिळदार दंडाच्या तरुणाचे चित्र असलेला, आत प्रथिनांची किंवा आणखी कसली भुकटी भरलेला हा प्लास्टिकचा डबा आता मध्यमवर्गीय घरांच्या फडताळात साखरेच्या बरणीशेजारी विराजमान झाला आहे. व्यायामशाळेतला तरुण प्रशिक्षक तो सुचवितो, मॅरेथॉनपूर्वी धावपटूंचे क्रमांक वाटले जातात तेथील दुकाने तो विकतात आणि परदेशातून येणारा मुलगा बॅगेत घालून तो आणतो.

आमच्या गटातील एका स्नेह्यांची हकीकत सांगतो. वय सदुसष्ट, दहा वर्षांचा मधुमेह, पण शिस्तीचा माणूस. दर सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीत त्यांच्या रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले आढळले. मधुमेही माणसाचे क्रिएटिनिन वाढले की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका मूत्रपिंडाची येते. औषधे बदलली गेली, मूत्रपिंडतज्ज्ञांकडे चिठ्ठी गेली, घरात डायलिसिस हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाऊ लागला. दोन आठवडे त्या घरातील कोणी स्वस्थ झोपले नाही. अखेर सूनबाईंना कपाटामागे चार डबे सापडले. त्यांतला एक क्रिएटिनचा होता. घरचे रागावतील म्हणून काकांनी ते कोणाला सांगितले नव्हते आणि ‘हे काही औषध नव्हे’ म्हणून डॉक्टरांनाही सांगितले नव्हते. चारही डबे बंद झाले, महिन्याभराने पुन्हा तपासणी झाली आणि आकडा जागेवर आला. तज्ज्ञ म्हणाले, “क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात हा आकडा मूत्रपिंडाला काही न होताही थोडा वाढतो. पण तुमच्याकडे चार डबे होते. कोणत्या डब्याने काय केले, हे मी कसे सांगू?”

या एका वाक्यात आजच्या परिस्थितीचे सारे मर्म आहे. ज्येष्ठांनी मैदानात उतरावे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. त्यांनी अवश्य उतरावे. प्रश्न आहे तो मैदानाच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या या बाजाराचा, आणि त्यातले काय खरे व काय पोकळ हे निवडण्याच्या आपल्या विवेकाचा.

मैदानात उतरलेले ज्येष्ठ

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. साठी ओलांडलेला माणूस धावतो, पोहतो, वजने उचलतो ही आपल्या समाजातील अतिशय स्वागतार्ह घटना आहे. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठ नागरिकांची स्वतंत्र दौड असते. मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेत पस्तिशीनंतर पाच-पाच वर्षांचे वयोगट पाडलेले आहेत आणि नव्वदीच्या पुढचे स्पर्धकही त्यांत धावतात.

आपल्याच देशातील मान कौर यांनी वयाच्या ९३ व्या वर्षी धावण्यास आरंभ केला. २०१७ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे, १०१ व्या वर्षी, त्यांनी शंभर मीटर अंतर एक मिनिट चौदा सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळविले. २०२१ साली त्यांचे निधन झाले. जालंधरजवळच्या गावातून इंग्लंडला गेलेले फौजा सिंग यांनी २०११ साली टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली तेव्हा त्यांचे वय शंभर सांगितले गेले. जन्मदाखला नसल्यामुळे गिनीजच्या नोंदवहीत तो विक्रम गेला नाही, तरी लोकांनी तो मनोमन नोंदविला. २०२५ च्या जुलैमध्ये गावाजवळच वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला. फ्रान्सचे सायकलपटू रॉबेर मार्शां यांनी २०१७ साली वयाच्या १०५ व्या वर्षी एका तासात साडेबावीस किलोमीटर सायकल चालविली. शंभरी पार केल्यावर दोन वर्षांच्या नियोजनबद्ध सरावाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढल्याचे शास्त्रज्ञांनी मोजून दाखविले होते.

मान कौर मोड आलेल्या गव्हाच्या पोळ्या खात असत, फौजा सिंग शाकाहारी होते, हे खरे आहे. पण म्हणून मोडाच्या पोळ्या खाऊन कोणी शंभराव्या वर्षी धावू लागेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. एका असामान्य व्यक्तीच्या ताटावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. जाहिरातदार नेमकी हीच चूक आपल्याकडून करवून घेत असतो. पिळदार दंडाचे चित्र आणि त्याखाली डबा! त्या दंडामागची दहा वर्षांची मेहनत चित्रात दिसत नाही.

बोस्टनच्या वृद्धाश्रमातील धडा

या विषयात एक जुना प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतील बोस्टन येथील शुश्रूषागृहात राहणाऱ्या शंभर वृद्धांवर तो झाला आणि १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय होते ८७. त्यांचे चार गट केले. एका गटाला दहा आठवडे पायांच्या स्नायूंसाठी वजनाचे कसून व्यायाम दिले. दुसऱ्याला फक्त पोषक पूरक पेय दिले. तिसऱ्याला दोन्ही दिले आणि चौथ्याला दोहोंपैकी काहीच दिले नाही. निकाल डोळे उघडणारा होता. व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची शक्ती दुपटीहून अधिक झाली, म्हणजे ११३ टक्क्यांनी वाढली. व्यायाम न करणाऱ्यांची वाढ अवघी ३ टक्के होती. व्यायाम करणारे अधिक वेगाने चालू लागले, जिने अधिक जोमाने चढू लागले. आणि व्यायामाविना नुसते पूरक पेय घेणाऱ्यांना? त्यांच्या शक्तीत त्या पेयाने काहीही फरक पडला नाही.

८७ व्या वर्षीही स्नायू हाक ऐकतो. पण ती हाक मेहनतीची असावी लागते, हा त्या प्रयोगाचा अर्थ. आपल्या तालमींना हे शहाणपण ठाऊक होते. तालमीत आलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी बदामाची थंडाई पाजत नसे. आधी माती उकरणे, जोर, बैठका. अंगातून घाम निथळू लागला की मग खुराकाची गोष्ट. ‘मेहनत’ आणि ‘खुराक’ हे तालमीचे दोन शब्द. त्यांचा क्रम उलटा झाला की पहिलवानाच्या अंगी बळाऐवजी पोट येते, हे कोल्हापूर-सांगलीकडील कोणीही जाणता माणूस सांगेल. आजच्या बाजाराने नेमका हा क्रम उलटा केला आहे.

ताटातील हिशेब

मग खुराकाला काहीच महत्त्व नाही काय? आहे, आणि वय वाढते तसे ते अधिक होते. पन्नाशीनंतर व्यायाम न करणाऱ्या माणसाचे स्नायू दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटतात आणि शक्ती त्याहूनही वेगाने उतरते. शिवाय म्हाताऱ्या स्नायूचे कान थोडे जड झालेले असतात. तरुणाच्या स्नायूला एका जेवणात वजनाच्या प्रत्येक किलोमागे पाव ग्रॅम प्रथिने मिळाली की तो बांधणीच्या कामाला लागतो. ज्येष्ठाच्या स्नायूला तेवढ्याच कामासाठी सुमारे ०.४ ग्रॅम लागतात. म्हणून दिवसभराची प्रथिने रात्रीच्या एकाच जेवणात घेण्यापेक्षा तिन्ही वेळांत वाटून घेणे त्याच्या हिताचे असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ज्येष्ठांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने २०१३ साली १ ते १.२ ग्रॅम सुचविले आणि व्यायाम करणाऱ्यांना १.२ किंवा त्याहून अधिक. याच तज्ज्ञांनी एक अपवादही सांगितला : ज्यांचे मूत्रपिंड गंभीररीत्या बिघडले आहे आणि जे डायलिसिसवर नाहीत, त्यांनी प्रथिने वाढवू नयेत. हा अपवाद डब्यावरील जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला मी तरी पाहिलेला नाही.

साठ किलो वजनाच्या व्यायामी ज्येष्ठाला म्हणजे दिवसाला सुमारे ७२ ग्रॅम प्रथिने हवीत. सकाळी कांदेपोहे, दुपारी पातळ वरण-भात आणि दोन पोळ्या, रात्री मऊ खिचडी अशा आपल्या नेहमीच्या जेवणातून ती मिळत नाहीत, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. डबेवाल्या कंपन्यांच्या म्हणण्यात खरेपणाचा अंश आहे तो एवढाच. पण त्यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. सकाळी पन्नास ग्रॅम मूगडाळीची धिरडी, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध घेतले की २३-२४ ग्रॅम होतात. दुपारी तीन पोळ्या, मटकीची भरपूर उसळ आणि मोठी वाटी दही घेतले की तेवढेच होतात. रात्री ज्वारीच्या दोन भाकरी, पिठले आणि पन्नास ग्रॅम पनीर असले की पुन्हा तेवढेच. ७२ चा आकडा जवळजवळ गाठला गेला, आणि तोही अंडी-मासे न खाणाऱ्याच्या ताटात. अंडे खाणाऱ्याला एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, म्हणजे त्याचा हिशेब आणखी सोपा.

डब्यातील प्रथिनांत चमत्कार असा काही नाही. दूध नासवून पनीर किंवा चीज काढल्यावर जे हिरवट पाणी उरते, त्यातीलच प्रथिने वाळवून ही भुकटी करतात. एका चमच्याच्या मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात. दात गेले आहेत, भूक मंदावली आहे, आजारपणातून नुकतेच उठणे झाले आहे, अशा ज्येष्ठाला ती सोयीची ठरू शकते. तिचा उपयोग तेवढाच समजावा. वजनाचे व्यायाम करणाऱ्यांवरील ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रथिनांच्या पूरकाने शक्ती आणि स्नायू थोडे अधिक वाढतात, परंतु वय वाढते तसा हा लाभ कमी होतो आणि किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे घेतलेल्या प्रथिनांचा स्नायूंना काही फायदा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२४ च्या मे महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपली आहारविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिनेही प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

खरे किती, पोकळ किती

सरसकट सारेच झिडकारणे हाही विवेक नव्हे. काही पूरकांना खरा आधार आहे. क्रिएटिन हे त्यांतले पहिले. आपले शरीर ते स्वतः बनविते, मांस-माशांतूनही ते मिळते, आणि शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. वजनाचे व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांवरील २२ प्रयोगांचा आढावा २०१७ साली घेतला गेला. त्यात क्रिएटिन घेणाऱ्यांच्या चरबीविरहित वजनात इतरांपेक्षा सरासरी १.३७ किलोची अधिक भर पडली होती. लाभ आहे, पण तो व्यायाम करणाऱ्यांना आहे, आणि मात्रा दिवसाला तीन ते पाच ग्रॅमची आहे. आमच्या स्नेह्यांची गोष्ट लक्षात ठेवून ते डॉक्टरांना सांगून घ्यावे आणि रक्ततपासणीपूर्वी त्याची आठवण करून द्यावी, एवढे पथ्य मात्र पाळलेच पाहिजे.

दुसरे बी-१२ जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास आढळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. थकवा, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे आपण वयाच्या माथी मारून मोकळे होतो. तपासणी करावी, कमतरता असेल तर स्वस्तातली गोळी किंवा इंजेक्शन पुरते. लोहाचेही तसेच. मात्र साठीनंतर, विशेषतः पुरुषाचे, हिमोग्लोबिन उतरले असेल तर लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नये. आतड्यातून रक्त जात नाही ना, हे आधी पाहावे लागते. येथे डबा रोगाला झाकतो, आणि झाकलेला रोग वाढतो.

कॅफीनने दमसास वाढतो हे सिद्ध झालेले आहे आणि खेळाडूंना त्याची बंदीही नाही. पण त्यासाठी आपला चहा-कॉफीचा पेला असताना भुकटी कशाला? व्यायामापूर्वी घ्यावयाच्या कित्येक भुकट्यांत कॅफीन भरमसाट असते. ज्याला रक्तदाब आहे किंवा ज्याच्या हृदयाचे ठोके चुकतात, त्याने त्या वाटेला जाऊ नये हे उत्तम.

आता पोकळ बाजू. गुडघ्यांसाठी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या घेणारे प्रत्येक गटात भेटतात. अमेरिकेत पंधराशेहून अधिक गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, एकंदर रुग्णांचा विचार करता, या गोळ्या वेदनाशमनात बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. मांडीचे स्नायू बळकट करणे हा गुडघ्याचा अधिक भरवशाचा मित्र आहे. क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा तर उलट्याच फिरू शकतात. नॉर्वेतील ज्येष्ठ पुरुषांवरील एका प्रयोगात बारा आठवडे वजनाचा व्यायाम करताना या गोळ्या घेणाऱ्यांचे स्नायू न घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. व्यायामाने शरीरात जी थोडी झीज होते, तिच्यातूनच बांधणीचा संदेश निघतो. तो संदेशच या गोळ्या दडपतात असे शास्त्रज्ञ मानतात.

ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. पण अधिक म्हणजे उत्तम, असे येथेही नाही. ऑस्ट्रेलियातील सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एककांचा भलामोठा डोस दिला गेला, तेव्हा त्यांची पडझड आणि हाडे मोडणे दोन्ही वाढले, हे २०१० साली प्रसिद्ध झालेले आहे.

‘आपले ते निर्धोक’ हाही एक गोड गैरसमज. अश्वगंधेविषयी आपल्याला जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. शक्तीसाठी तिच्या उपयोगाचे काही छोटे प्रयोगही झाले आहेत. पण त्यांत बहुतेक तरुण मंडळी होती. तिच्या अर्काने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. वैद्य नाडी पाहून देतो ते औषध आणि दुकानातून आपल्या मनाने आणलेली कुपी यांत अंतर आहे, हे आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर अधिकच जाणले पाहिजे.

डब्यावर लिहिलेले आणि डब्यात असलेले

याहून गंभीर प्रश्न आहे तो सचोटीचा. केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-भुकट्यांची तपासणी करण्यात आली आणि २०२४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के भुकट्यांच्या वेष्टनावरील प्रथिनांची माहिती चुकीची होती. काहींत वेष्टनावरील दाव्याच्या निम्मीच प्रथिने होती. १४ टक्क्यांत बुरशीजन्य विष आढळले, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश होते.

परदेशातून आलेला डबा म्हणजे तपासलेला डबा, ही आपली आणखी एक समजूत. अमेरिकेतील १९९४ च्या कायद्यानुसार पूरके बाजारात येण्यापूर्वी सरकारी मान्यतेची गरज नसते. मुलाने प्रेमाने आणलेल्या डब्यात प्रेम निश्चित असते. आणखी काय असते याची हमी त्या मुलालाही देता येत नाही.

याची किंमत एका ज्येष्ठ खेळाडूने कशी मोजली ते पाहा. अमेरिकेतील सायकलपटू कार्ल ग्रोव्ह यांनी २०१८ च्या जुलैमध्ये वयाच्या नव्वदीत राष्ट्रीय स्पर्धेत विक्रम केला. त्यानंतरच्या चाचणीत त्यांच्या शरीरात बंदी असलेल्या द्रव्याचा अंश सापडला. तो बहुधा आदल्या संध्याकाळी खाल्लेल्या मांसातून आला असावा, असे तेथील उत्तेजकविरोधी संस्थेने मान्य केले आणि केवळ जाहीर ताकीद दिली. परंतु त्या दिवशीचा निकाल रद्द झाला, विक्रम गेला. चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. ते आधी घेत असलेल्या एका पूरकात क्लोमिफीन नावाचे, बंदी असलेलेच आणखी एक द्रव्य मिसळलेले निघाले, जे वेष्टनावर कोठेही लिहिलेले नव्हते. नव्वद वर्षांचा, अप्रामाणिकपणाचा लवलेश नसलेला माणूस; तरी नावाला डाग लागला तो लागला. कारण खेळाचा नियम सांगतो की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच.

आपल्याकडील ज्येष्ठ स्पर्धकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. रक्तदाबाच्या कित्येक जोडगोळ्यांत असलेले लघवी वाढविणारे घटक, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायाझाइड, आणि मधुमेहींचे इन्सुलिन ही दोन्ही खेळाडूंसाठी प्रतिबंधित यादीत आहेत. ती औषधे बंद मुळीच करू नयेत; त्यांच्यासाठी उपचारार्थ परवानगी मागण्याची रीतसर व्यवस्था आहे. गोळी जीव वाचविण्यासाठी आहे, पदक त्यानंतर.

काय करावे?

सरकारचे काम सरकारने करावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे पूरकांविषयीचे नियम आहेत. चौदा आकडी परवाना क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ ही सूचना वेष्टनावर असावी लागते. परंतु नियम कागदावर राहतो आणि डबा दुकानात जातो. बाजारातून नमुने उचलून नियमित तपासणी व्हावी आणि दोषी उत्पादनांची नावे मराठी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध व्हावीत. मॅरेथॉनच्या आयोजकांनी डबेवाल्यांना जागा देताना शेजारी एका डॉक्टरांना आणि एका आहारतज्ज्ञांना विनामूल्य जागा द्यावी. व्यायामशाळांनी प्रशिक्षकाच्या मिळकतीचा डब्याच्या विक्रीशी असलेला संबंध तोडावा. डॉक्टरांनीही ‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाला ‘आणि कोणते डबे?’ एवढी पुस्ती जोडावी.

पण अधिक महत्त्वाचे आहे ते घराघरांतून व्हायला हवे. आजोबांनी धावायचे ठरविले तर त्यांची थट्टा करू नये. थट्टा केली की डबे कपाटामागे जातात. त्यांच्याबरोबर एकदा डॉक्टरांकडे जावे. हृदय, साखर, क्रिएटिनिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. त्यांच्या ताटात उसळ, डाळ आणि दही वाढवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी सांगितलेला क्रम तसा साधा आहे : आठवड्याला किमान दीडशे मिनिटे दमवणारे चालणे किंवा तत्सम व्यायाम, दोन दिवस शक्तीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे. आपले ज्येष्ठ पहिल्याबाबत उत्साही असतात, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात आणि तिसरे त्यांना ठाऊकच नसते. डब्यावर महिन्याला होणारा खर्च एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाकडून बैठका नीट शिकण्यावर केला, तर तो सत्कारणी लागेल. तहानेची जाणीव वयाबरोबर मंदावते, म्हणून धावताना पाणी ठरवून प्यावे. आणि वजन, झोप व व्यायाम यांची साधी नोंदवही ठेवावी.

हे सारे केल्यावरही एखादे पूरक घ्यावेसे वाटले तर अवश्य घ्यावे. पण एका वेळी एकच, तपासणीनंतर, प्रमाणात, आणि घरच्यांना व डॉक्टरांना सांगून. एकच घेतले म्हणजे त्याचा गुणही कळतो आणि दोषही.

आमचे स्नेही आता पुन्हा टेकडीवर येऊ लागले आहेत. चार डबे भंगारवाल्याकडे गेले. आठवड्यातून दोन दिवस ते टेकडीच्या पायथ्याच्या कट्ट्यावर बसून उठण्याचा व्यायाम करतात. आरंभी दहा वेळा होत असे, आता हातांचा आधार न घेता तीस वेळा होते. बरोबर सूनबाईंनी दिलेला डबा असतो. त्यात मुगाची धिरडी असतात आणि आम्हा सर्वांना त्यांतला वाटा मिळतो. परवा कोणी नवख्याने त्यांना विचारले, “काका, तुम्ही कोणता डबा घेता?” काकांनी झाकण उघडले आणि एक धिरडे त्याच्या हातावर ठेवले. म्हणाले, “हा घे. पण आधी दहा बैठका काढ.”